स्वयंचलित इंटरनेट रेडिओवर गाण्यांची दोन्ही टोकं कशी छाटायची

निवेदक नसलेल्या स्टेशनवर दोन गाण्यांच्या मध्ये चार-पाच सेकंद शांतता पडली, की ऐकणाऱ्याला स्ट्रीम तुटली असंच वाटतं आणि तो दुसरीकडे जातो. ही शांतता फाईलमध्येच असते. सीडीवरून उतरवलेल्या ट्रॅकच्या शेवटी दोनेक सेकंदांचं अंतर असतं. रेकॉर्डवरून उतरवलेल्या गाण्याच्या आधी सुईची खरखर असते. काही अल्बमांत शेवटच्या गाण्यानंतर कित्येक मिनिटं काहीच नसतं आणि मग एक लपवलेलं गाणं सुरू होतं. बऱ्याच गाण्यांचा स्टुडिओत केलेला फेड इतका हळू उतरतो, की शेवटचे सहा-सात सेकंद हेडफोनशिवाय ऐकूच येत नाहीत. क्रॉसफेड (एक गाणं उतरत असतानाच पुढचं चढवणं) लावून हे झाकलं जाईल असं अनेकांना वाटतं. पण न छाटलेल्या फाईलवर क्रॉसफेड लावला तर तो एका शांततेतून दुसऱ्या शांततेत जातो, आणि पोकळी जिथल्या तिथे राहते. म्हणून छाटणी आधी, क्रॉसफेड नंतर.

इथली पद्धत लिक्विडसोप (गाणी लावून स्ट्रीम तयार करणारा प्रोग्राम) आणि आइसकास्ट (ती स्ट्रीम श्रोत्यांपर्यंत पोहोचवणारा सर्व्हर) या जोडीला धरून दिली आहे. एझुराकास्ट हे रेडिओ स्टेशन चालवायचं सॉफ्टवेअर आतून लिक्विडसोपच वापरतं आणि तसंच लिब्रेटाइमही त्यावरच चालतं, त्यामुळे आकड्यांचा हिशोब तिथेही तोच.

फाईल कापू नका, दोन आकडे लिहा

छाटणी दोन प्रकारे होते. फाईल खरोखर कापायची, किंवा फाईलला हात न लावता ‘इथून वाजव, इथे थांब’ असे दोन आकडे तिच्याबरोबर द्यायचे. या दोन बिंदूंना क्यू-इन आणि क्यू-आउट म्हणतात. गाण्यांच्या संग्रहासाठी दुसरी पद्धत वापरावी, आणि त्याला ठोस कारणं आहेत.

एमपीथ्री फाईल फ्रेममध्ये बांधलेली असते. ४४.१ किलोहर्ट्झच्या फाईलमध्ये एका फ्रेममध्ये ११५२ सॅम्पल, म्हणजे सुमारे २६ मिलिसेकंद. पुन्हा एन्कोड न करता कापायचं तर फ्रेमच्या सीमेवरच कापता येतं. शिवाय एमपीथ्रीत एक फ्रेम मागच्या फ्रेममध्ये उरलेली जागा उसनी घेते. मागची फ्रेम कापून टाकली की नवी पहिली फ्रेम अर्धवट राहते आणि सुरुवातीला ‘टिक्’ किंवा क्षणभर मुका आवाज येतो. पुन्हा एन्कोड करून कापलं तर हा त्रास नाही, पण गुणवत्ता एक पायरी उतरते, आणि स्ट्रीमसाठी ती फाईल आणखी एकदा एन्कोड होणारच असते. आकडे लिहिण्याच्या पद्धतीत यातलं काहीच होत नाही. चूक झाली तर आकडा बदलायचा, संपलं.

फाईल खरोखर कापणं फक्त काही ठिकाणी योग्य: स्वतः रेकॉर्ड केलेलं निवेदन, स्टेशनची जिंगल, लपवलेलं गाणं वेगळं काढायचं असेल तेव्हा, किंवा तुमच्या प्लेआउट सॉफ्टवेअरला क्यू-बिंदू कळतच नसतील तेव्हा. त्याची रीत पुढे दिली आहे.

मोजणीआधीची साफसफाई

क्यू-इनचा आकडा कितीही अचूक असला तरी डीकोडर त्या जागी नेमका पोहोचला नाही तर उपयोग नाही. इथे सगळ्यात जास्त दगा देतात त्या बदलत्या बिटरेटच्या, पण सुरुवातीचं हेडर नसलेल्या एमपीथ्री फाईली. हेडर नसलं की प्लेअर लांबीचा नुसता अंदाज करतो. ४ मिनिटांचं गाणं ६ मिनिटांचं दाखवतो आणि १८० व्या सेकंदाला उडी मारायला सांगितलं तर भलतीकडे उतरतो. ओळखायची खूण सोपी: पूर्ण डीकोड करून मोजलेली लांबी आणि फाईलने सांगितलेली लांबी यांत एक सेकंदाहून जास्त फरक दिसला की फाईल संशयित. एफएफएमपेग या ऑडिओ-व्हिडिओ हाताळणाऱ्या प्रोग्रामने ऑडिओ पुन्हा एन्कोड न करता, म्हणजे कॉपी पद्धतीने, नव्या फाईलमध्ये उतरवला की हेडर नव्याने लिहिलं जातं आणि बहुतेक वेळा प्रश्न सुटतो. संग्रह नव्याने गोळा करणार असाल तर फ्लॅक (गुणवत्ता न घटवता साठवणारा फॉरमॅट) घ्या. त्यात ही भानगड नाही.

दुसरी गोष्ट डीसी ऑफसेट आणि फार खालचा गडगडाट. जुन्या साउंड कार्डावरून उतरवलेल्या फाईलमध्ये शांततासुद्धा शून्यावर नसते, थोडी वर किंवा खाली सरकलेली असते. कानाला काही कळत नाही, पण शांतता शोधणाऱ्या प्रोग्रामला तिथे सतत आवाज दिसतो. मोजणीच्या वेळी, फक्त मोजणीपुरता, ३० हर्ट्झचा हायपास फिल्टर (त्याखालचा आवाज अडवणारा) आधी लावला की हा अडथळा जातो.

शांतता मोजणे

एफएफएमपेगमधला सायलेन्सडिटेक्ट फिल्टर यासाठी पुरेसा आहे. ऑडिओ फिल्टर म्हणून तो द्यायचा, त्यात नॉइज हा पर्याय -५० डीबी आणि ड्युरेशन ०.२ ठेवायचा, आउटपुटचा फॉरमॅट नल, म्हणजे फाईल तयार होत नाही, फक्त मोजणी होते. व्हिडिओ बंद करणारा पर्यायही द्या, कारण फाईलमध्ये अल्बमचं मुखपृष्ठ असेल तर एफएफएमपेग ते चित्र व्हिडिओ समजून उगाच त्यावर काम करतं. ड्युरेशन स्वतः देणं महत्त्वाचं. काही न सांगता हा फिल्टर -६० डीबी आणि २ सेकंद धरतो. म्हणजे दीड सेकंदाची पोकळी त्याच्या लेखी शांतता नसते, आणि रेडिओवर दीड सेकंद भरपूर असतो.

उत्तरात प्रत्येक शांततेची सुरुवात, शेवट आणि लांबी सेकंदांत मिळते. हे उत्तर नेहमीच्या आउटपुटवर येत नाही, एरर स्ट्रीमवर येतं. स्क्रिप्टने ते पकडलं नाही तर ‘शांतता सापडली नाही’ असा खोटा निष्कर्ष निघतो. आणखी तीन बारकावे स्क्रिप्ट लिहिताना हमखास अडवतात.

पहिला: पहिल्या शांततेची सुरुवात कधी कधी शून्याऐवजी किंचित उणे किंवा किंचित अधिक येते, कारण एन्कोडर सुरुवातीला थोडी भर घालतो. म्हणून ‘शून्याशी बरोबर’ अशी तुलना करू नका, ०.१ सेकंदाच्या आत सुरू होणारी शांतता ती सुरुवातीची, असं धरा.

दुसरा: शांतता फाईलच्या अंतापर्यंत टिकली तर एफएफएमपेगच्या जुन्या आवृत्त्या तिचा शेवट छापतच नाहीत. सुरुवात आहे आणि शेवट नाही, अशी नोंद दिसली तर शेवट म्हणजे फाईलची लांबी.

तिसरा सगळ्यात त्रासाचा: रेकॉर्डवरून उतरवलेल्या फाईलमध्ये शांततेच्या मधोमध एक खट्ट असा क्लिक असतो आणि एक शांतता दोन तुकड्यांत मोडते. पहिला तुकडा ०.० ते १.१ आणि दुसरा १.१३ ते २.९ असा दिसला तर गाणं १.१ ला सुरू झालेलं नाही. दोन शांततांमध्ये ५० मिलिसेकंदांपेक्षा कमी अंतर असेल तर त्या जोडून एक करा. सुई टेकल्याचा ठक आवाज याहून लांब असतो. त्यासाठी ही मर्यादा १५० मिलिसेकंदांपर्यंत वाढवता येते, पण फक्त रेकॉर्डवरून आलेल्या फाईलींना. डिजिटल गाण्यांना तीच मर्यादा लावली तर सुरुवातीचा एकटा ड्रमचा ठोका उडून जाईल.

थ्रेशोल्ड: इथेच सगळं बिघडतं

थ्रेशोल्ड म्हणजे ज्या पातळीखालचा आवाज शांतता धरायचा तो आकडा. एकच आकडा सगळ्या संग्रहाला लावायचा मोह टाळा. आजच्या घट्ट मास्टर केलेल्या गाण्याला -५० डीबी ठीक बसतो. तोच आकडा हळू आलापाने किंवा पियानोच्या एका मंद सुराने उघडणाऱ्या शास्त्रीय ध्वनिमुद्रणाला लावला तर पहिले दहा सेकंद गायब होतात. आणि कॅसेट किंवा रेकॉर्डवरून आलेल्या फाईलमध्ये सरसर -५० डीबीच्या वरच असते, त्यामुळे तिथे शांतता सापडतच नाही.

जास्त भरवशाचा मार्ग म्हणजे थ्रेशोल्ड गाण्याच्या स्वतःच्या लाउडनेसवरून काढायचा. एफएफएमपेगमधला ईबीयू आर १२८ (लाउडनेस मोजण्याचं युरोपीय प्रसारण मानक) चा फिल्टर पूर्ण गाण्याचा लाउडनेस, म्हणजे कानाला जाणवणारा जोर, एलयूएफएस या एककात देतो. त्याच्या ४० खाली सुरुवातीचा थ्रेशोल्ड धरा. -९ एलयूएफएसचं जोरदार गाणं असेल तर थ्रेशोल्ड -४९ च्या आसपास, आणि -२३ चं शांत गाणं असेल तर -६३. एलयूएफएस ही ऊर्जेची सरासरी आणि सायलेन्सडिटेक्ट पाहतो ती सॅम्पलची उंची, त्यामुळे हे गणित काटेकोर नाही. पण सुरुवात पकडण्याइतकं चांगलं आहे.

गोंगाट असलेल्या फाईलला मात्र तळ असतो, आणि थ्रेशोल्ड त्या तळाच्या वरच हवा. सुरुवातीचा गाण्याआधीचा अर्धा सेकंद वेगळा काढून व्हॉल्यूमडिटेक्ट फिल्टरने त्याची कमाल पातळी मोजा. ती -४४ डीबी आली तर थ्रेशोल्ड तिच्या ३ डीबी वर, म्हणजे -४१. इथे सरासरी पातळी धरू नका. गोंगाटाची शिखरं सरासरीपेक्षा बरीच वर असतात आणि शोध पुन्हा पुन्हा तुटतो.

काही फाईलींना यंत्राने हातच लावायचा नाही, अशी खूण संग्रहात आधीच करून ठेवा: सलग वाजणारे मैफिलीचे अल्बम, डीजे मिक्स, एकमेकांत मिसळणारे ट्रॅक, आणि ज्या गाण्यांत सुरुवातीची शांतता रचनेचाच भाग आहे ती. ही यादी माणसानेच करायची असते.

आकड्यांचा हिशोब

समजा गाण्याची लांबी २५२.६० सेकंद आहे. सुरुवातीची शांतता ० ते १.८४, शेवटची २४६.३१ पासून अंतापर्यंत. क्यू-इन नेमका १.८४ ला ठेवू नका. थ्रेशोल्ड ओलांडला जातो तोवर पहिला सूर थोडासा उमटून गेलेला असतो. तारेवर नखी लागण्याचा किंवा गायकाच्या श्वासाचा आवाज त्याच्या आधी असतो. ५० मिलिसेकंद मागे या: क्यू-इन १.७९. बोलण्याच्या फाईलीत २०० ते ३०० मिलिसेकंद मागे या, नाहीतर पहिल्या शब्दाचा श्वास तुटतो आणि निवेदक दचकून बोलायला लागल्यासारखा वाटतो.

शेवटाला उलट, पुढे जायचं. वाद्यांची घुमणारी शेपूट थ्रेशोल्डच्या खाली गेल्यावरही कानाला जाणवते, विशेषतः पुढचं काही अजून सुरू झालेलं नसेल तर. ०.४ सेकंद सोडा: क्यू-आउट २४६.७१. प्रत्यक्षात वाजणारी लांबी २४६.७१ वजा १.७९, म्हणजे २४४.९२ सेकंद. दोन्ही बिंदू फाईलच्या आरंभापासून मोजलेले असतात. क्यू-आउट म्हणजे ‘शेवटून किती कापायचं’ असं समजून तिथे ५.८९ लिहिणारे बरेच असतात. मग गाणं चार सेकंद वाजतं आणि उडतं.

स्क्रिप्टला एक शहाणपणाची अट घाला. सुरुवातीचे १० सेकंदांपेक्षा जास्त किंवा शेवटचे १५ सेकंदांपेक्षा जास्त कापले जाणार असतील, तर आकडे लिहू नका, ती फाईल ‘ऐकून ठरवा’ या यादीत टाका. लपवलेली गाणी, फसलेले थ्रेशोल्ड आणि मुळातच बिघडलेल्या फाईली याच यादीत सापडतात.

शेपटीचा प्रश्न वेगळा

सुरुवात यंत्राला चांगली कळते. शेवट कळत नाही, कारण गाणी तीन तऱ्हांनी संपतात: ठोक्यावर थांबणारी, घुमत विरणारी, आणि हळूहळू फेड होणारी. पहिल्या दोन तऱ्हांना वरचा क्यू-आउट पुरतो. तिसऱ्या तऱ्हेला एक आणखी बिंदू लागतो: पुढचं गाणं कुठे सुरू करायचं.

यासाठी क्षणिक लाउडनेस वापरा. तोच ईबीयू आर १२८ चा फिल्टर दर १०० मिलिसेकंदांनी एक आकडा देतो, मागच्या ४०० मिलिसेकंदांच्या आवाजावर आधारलेला. फाईलच्या अंताकडून मागे येत जा आणि आकडा गाण्याच्या एकूण लाउडनेसच्या १० खाली असलेल्या रेषेला जिथे पहिल्यांदा शिवतो तो क्षण नोंदवा. अंताकडूनच शोधायचं, कारण पुढून शोधलं तर गाण्याच्या मधलं एखादं शांत कडवं हाच शेवट समजला जातो. -१० एलयूएफएसच्या गाण्यात असा क्षण २३९.२ ला मिळाला आणि क्यू-आउट २४६.७१ असेल, तर दोन गाण्यांनी एकमेकांवर चढायचा काळ ७.५ सेकंद. एवढा लांब ठेवू नका, ६ वर मर्यादा घाला. मर्यादा घातल्यावर क्यू-आउटही त्याच मापाने अलीकडे आणा, २४५.२ ला, म्हणजे पुढचं गाणं २३९.२ लाच सुरू होईल. ठोक्यावर थांबणाऱ्या गाण्यात हाच फरक अर्धा-पाऊण सेकंद येतो आणि पुढचं गाणं त्याच्या टाचेवर लगेच येतं, जे ऐकायला योग्यच वाटतं.

लिक्विडसोपला आकडे कसे द्यायचे

छाटणीसाठी लिक्विडसोप मेटाडेटातली (फाईलसोबत दिलेल्या माहितीतली) दोन नावं ओळखतं. दोन्हींच्या आधी एल-आय-क्यू ही अक्षरं, मग अंडरस्कोर, मग ‘क्यू’ हा इंग्रजी शब्द (सी-यू-ई), पुन्हा अंडरस्कोर, आणि शेवटी ‘इन’ किंवा ‘आउट’. किंमत सेकंदांत, दशांश पूर्णविरामाने. दोन ठिकाणी लोक अडकतात. ज्या संगणकाची भाषा-सेटिंग दशांशासाठी स्वल्पविराम वापरते, तिथे स्क्रिप्टने १,७९ असं लिहिलं तर लिक्विडसोपला तो आकडा वाटत नाही. आणि आकडे इंग्रजी अंकांतच हवेत. या लेखात आहेत तसे देवनागरी अंक टॅगमध्ये चालत नाहीत.

हे आकडे फाईलच्या टॅगमध्ये ठेवता येतात (आयडीथ्रीमध्ये वापरकर्त्याने ठरवलेली मजकुराची चौकट म्हणून, फ्लॅकमध्ये साधी नोंद म्हणून) किंवा प्लेलिस्टच्या ओळीत अ‍ॅनोटेट या उपसर्गाने देता येतात. अ‍ॅनोटेटच्या ओळीची रचना अशी: आधी अ‍ॅनोटेट, कोलन, मग नाव = अवतरणचिन्हांत किंमत, स्वल्पविराम, दुसरं नाव = किंमत, पुन्हा कोलन, आणि शेवटी फाईलचा पत्ता. आकडे डेटाबेसमधून निघत असतील तर अ‍ॅनोटेट सोयीचं, कारण फाईलच्या बाइट्सना स्पर्श होत नाही आणि बॅकअप पुन्हा पुन्हा घ्यावा लागत नाही. मात्र शीर्षकात दुहेरी अवतरणचिन्ह असेल तर त्याच्याआधी बॅकस्लॅश घाला, नाहीतर पूर्ण ओळ मोडते आणि ते गाणं गुपचूप वगळलं जातं.

आवृत्तीकडे लक्ष द्या. २.२ च्या आधी हे आकडे आपोआप पाळले जात नसत; प्लेलिस्टला क्यू कट हा ऑपरेटर स्वतः लावावा लागे. २.२ पासून तो ऑपरेटर काढून टाकला आहे आणि फाईल वाजवणारे स्रोत हे काम स्वतः करतात. जुनी स्क्रिप्ट नव्या आवृत्तीवर नेली की त्या ओळीवर त्रुटी येते. ती ओळ काढून टाकायची. उलट, नव्या उदाहरणावरून लिहिलेली स्क्रिप्ट जुन्या सर्व्हरवर चालवली तर त्रुटी येत नाही, पण छाटणीही होत नाही. हा प्रकार शोधायला जास्त वेळ लागतो.

ऑपरेटरांचा क्रम: प्लेलिस्ट, मग लाउडनेस सारखा करणं, मग क्रॉसफेड, मग लिमिटर (आवाज ठरलेल्या पातळीच्या वर जाऊ न देणारा), मग एन्कोडर. लिमिटर क्रॉसफेडच्या नंतर हवाच, कारण दोन गाणी एकमेकांवर चढतात तेव्हा बेरीज शिखराच्या वर जाते.

लिक्विडसोपच्या अलीकडच्या आवृत्त्यांत ऑटोक्यू आहे. तो हे सगळे बिंदू लाउडनेसवरून स्वतः काढतो. छोट्या संग्रहाला तो पुरतो. पण प्रत्येक फाईल वाजायच्या आधी तो ती पूर्ण तपासतो, त्यामुळे दुबळ्या सर्व्हरवर तासाभराची कार्यक्रमाची फाईल आली की वेळेची मर्यादा संपते आणि विनंती बाद होते. हजारो फाईलींचा संग्रह असेल तर एकदाच मोजून आकडे साठवा. रोज तेच गणित पुन्हा करण्यात अर्थ नाही.

एझुराकास्टमध्ये प्रत्येक गाण्याच्या संपादन पानावर लहरींचं चित्र दिसतं आणि त्यावर क्यू-इन, क्यू-आउट, फेड यांच्या खुणा ठेवता येतात. ‘ऐकून ठरवा’ यादीतल्या गाण्यांसाठी हे उत्तम. मिक्स (Mixxx, तीन एक्सवालं) हे डीजे सॉफ्टवेअर वापरून ऑटो डीजे चालवत असाल तर तिथे स्किप सायलेन्स हा मोड निवडा; ते -६० डीबीच्या वरचा पहिला आणि शेवटचा आवाज स्वतः शोधतं. गोंगाटी फाईलींना त्याचा उपयोग कमी.

क्रॉसफेडशी सांधा

लिक्विडसोपचा क्रॉसफेड काही न सांगता ५ सेकंद गाणी एकमेकांवर चढवतो आणि ३ सेकंदांचे फेड लावतो. वर काढलेला आकडा क्रॉस ड्युरेशनच्या मेटाडेटामधून ट्रॅकपुरता बदलता येतो. नावाच्या आधी तीच एल-आय-क्यू. फेड-इन आणि फेड-आउटचंही तसंच.

स्टुडिओत आधीच फेड झालेल्या गाण्यावर आपला फेड पुन्हा लावू नका. दोन फेडांचा गुणाकार होतो, गाणं फार लवकर खाली जातं आणि मध्ये पुन्हा खड्डा पडतो. अशा गाण्यांचा फेड-आउट शून्य किंवा अगदी शेवटचा अर्धा सेकंद. ठोक्यावर सुरू होणाऱ्या गाण्याचा फेड-इनही शून्यच, नाहीतर पहिला ठोका बोथट होतो.

फेडचा आकार निवडता येत असेल तर सरळ रेषेचा टाळा. दोन वेगळ्या गाण्यांचे सरळ रेषेचे फेड मधोमध भेटतात तेव्हा एकूण पातळी ३ डीबीने खाली जाते. समान ऊर्जेचा, म्हणजे साइनच्या आकाराचा फेड तो उतार भरून काढतो.

जिंगल सहा सेकंदांची आणि क्रॉसफेड पाच सेकंदांचा, हा जोड कायम फसतो. जिंगल मागच्या आणि पुढच्या गाण्याखाली दबून जाते. जिंगलच्या फाईलींना क्रॉस ड्युरेशन आणि दोन्ही फेड शून्य द्या, आणि त्या फाईली खरोखर कापून, टोकाला शांतता न ठेवता तयार करा.

फाईल खरोखर कापायची असेल तेव्हा

मूळ वेव्ह किंवा फ्लॅकवरच काम करा. सायलेन्सरिमूव्ह फिल्टर सुरुवातीची शांतता सहज काढतो: स्टार्ट पीरियड्स १, स्टार्ट थ्रेशोल्ड -५० डीबी. शेवटासाठी त्याचाच स्टॉप पीरियड्स १ असा पर्याय द्यावासा वाटतो, आणि तिथेच घात होतो. तो पहिली शांतता आली की तिथे थांबतो, म्हणजे निवेदक दोन वाक्यांमध्ये दम घ्यायला थांबला तिथेच फाईल संपते. उणे १ दिलं तर फाईलभरचे सगळे विराम खाल्ले जातात. खात्रीची रीत म्हणजे उलटवणं: सुरुवात कापा, एरिव्हर्स फिल्टरने ऑडिओ उलटा करा, पुन्हा ‘सुरुवात’ कापा, पुन्हा उलटा करा. सॉक्स या ऑडिओ प्रोग्राममध्येही सायलेन्स, रिव्हर्स, सायलेन्स, रिव्हर्स याच क्रमाने. एरिव्हर्स पूर्ण ऑडिओ मेमरीत घेतो. तीन तासांच्या रेकॉर्डिंगवर लहान सर्व्हर गुदमरेल, तिथे सायलेन्सडिटेक्टने आकडे काढून वेळेनुसार कापा.

ऑडॅसिटी या ऑडिओ संपादकातला ट्रंकेट सायलेन्स दिसायला याच कामाचा वाटतो, पण तो निवडलेल्या भागातले मधले विरामही आखडतो. टोकंच निवडून वापरा. हाताने कापताना निवडीनंतर झेड दाबा म्हणजे कापाच्या जागा लहर शून्याला छेदते तिथे सरकतात. शिवाय दोन्ही टोकांना ५ ते १० मिलिसेकंदांचा फेड दिला की टिक् येत नाही.

कापलेल्या फाईलचे जुने क्यू आकडे पुसा. हे विसरलं की गाणं दोनदा छाटलं जातं: फाईलमधून १.८ सेकंद आधीच गेलेले, आणि वरून क्यू-इन आणखी १.७९ खातो. पहिला शब्दच गायब झाल्याची तक्रार आली की आधी हेच तपासा.

हवेवर नेण्याआधी

पूर्ण गाणी ऐकत बसायची गरज नाही. चाचणीसाठी वेगळी प्लेलिस्ट बनवा, तिच्यात प्रत्येक गाण्याच्या दोन नोंदी: पहिलीत खरा क्यू-इन आणि त्याच्या १५ सेकंद पुढचा क्यू-आउट, दुसरीत खऱ्या क्यू-आउटच्या १५ सेकंद आधीचा क्यू-इन आणि खरा क्यू-आउट. यादृच्छिक क्रम बंद ठेवा. अशी २० गाणी १० मिनिटांच्या आत होतात आणि प्रत्येक खरा सांधा ऐकायला मिळतो. एकाच गाण्याच्या डोक्यावरून शेपटीवर जाणारा सांधा खोटा, तो सोडून द्या. आउटपुट आइसकास्टऐवजी वेव्ह फाईलमध्ये वळवा आणि मग लहरी बघत ऐका.

थेट स्ट्रीमवर कानाने वेळ जुळवू नका. आइसकास्ट नव्या श्रोत्याला जोडताक्षणी साठवलेला डेटा एकदम पाठवतं. ६४ किलोबाइटचा तो साठा १२८ केबीपीएसच्या स्ट्रीमला सुमारे ४ सेकंदांचा असतो, वर प्लेअरचा स्वतःचा बफर. लॉगमध्ये गाणं बदललेलं दिसतं आणि कानाला ते उशिरा बदलतं, यावरून क्यू-बिंदू चुकला असं समजून आकडे हलवणारे आधी नीट असलेलं बिघडवतात.

वेळापत्रकाच्या हिशोबात फाईलची लांबी न धरता क्यू-आउट वजा क्यू-इन धरा, आणि त्यातून पुढच्या गाण्याशी होणारा चढाव वजा करा. तासाला १५ गाणी आणि प्रत्येकी ६ सेकंद छाटले तर ९० सेकंद निघतात. बातम्यांसारखं ठरलेल्या वेळेचं काही असेल तर तेवढी गाणी जास्त लागतील. संकेतस्थळावरची ‘आता वाजतंय’ ची पट्टीही फाईलच्या लांबीवर चालत असेल तर गाणं संपलं तरी ती सरकत राहते.

शेवटची जाळी म्हणून लिक्विडसोपचा ब्लँक स्किप क्रॉसफेडच्या आधी लावा. तो स्वतःहून -४० डीबीखाली २० सेकंद शांतता गेल्यावर गाणं उडवतो. शास्त्रीय संगीत वाजवत असाल तर -४० फार वर आहे, -५५ पर्यंत खाली आणा. वेळ मात्र २० वरून ८ सेकंदांवर आणायला हरकत नाही. ज्या ज्या वेळी तो उडवेल त्या फाईलचं नाव लॉगमध्ये लिहा. महिन्यातून एकदा ती नावं काढून त्यांचे क्यू-बिंदू नव्याने मोजा.